“लेकराले काय समजते?”

“लेकरू लहान आहे, त्याले काय समजते? घरचं टेन्शन मोठ्यांपाशीच राहते.” हे वाक्य गावोगाव ऐकू येतं, मोबाईलवरही फिरतं. मायेनंच म्हटलं जातं, पण ते खरं नाही.

2020 ची टाळेबंदी आठवा. मार्चअखेर सगळं थांबलं. कापूस घरात पडून, शाळा बंद, पीककर्जाची चिंता. लेकरांना कुणी काही सांगितलं नाही. तरी कुणी पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, कुणी आईचा पदर सोडेना.

कारण शब्द कळण्याआधी मूल चेहरा वाचतं. 1970 च्या दशकातल्या एका गाजलेल्या प्रयोगात आईनं तान्ह्या बाळासमोर दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवला, एवढंच. बाळानं आधी हसून, हात पुढे करून तिला बोलावून पाहिलं. मग मान फिरवली, शेवटी रडू लागलं. आपल्याकडे तर घरं दोन खोल्यांची, नि ताण महिनोन्‌महिन्यांचा.

पडताळायचं असेल तर दोन-तीन आठवडे कॅलेंडरवर खुणा करा: घरात तणतण झाली तो दिवस, आणि लेकराची झोप मोडली किंवा पोट दुखलं तो दिवस. खुणा जवळजवळ पडतात का बघा. (पोट वारंवार दुखत असेल तर आधी डॉक्टरला दाखवाच.)

यात आईबापाचा दोष नाही. फक्त लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं, कारण खरं कारण कळलं नाही की लहान मुलं बरेचदा स्वतःलाच दोषी धरतात. एवढंही पुरतं: “कापूस इकला नाही म्हणून मले काळजी आहे, तुह्यावर राग नाही.”