नागपूर–दोहा: हवाई अंतर आणि उड्डाणवेळ

नागपूरच्या सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून दोह्याच्या हमाद विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे 2,840 किमी, म्हणजेच 1,530 समुद्री मैल आहे. ते दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढतात. नागपूर शहरातला अंतरे दाखवणारा झिरो माइलचा जुना खांब इथे कामाचा नाही.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचे, म्हणजे बृहत् वर्तुळावरचे असते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ लांब पल्ल्याला फसवते. नागपूर–लंडन अंतर बृहत् वर्तुळाने सुमारे 7,470 किमी, तर होकायंत्राची दिशा न बदलता गेल्यास 7,730 किमीच्या आसपास भरते. लंडनसाठी निघतानाची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजल्यास सुमारे 318 अंश, म्हणजे वायव्य, येते. सोनेगावच्या धावपट्टीचे एक टोक 32 क्रमांकाचे, म्हणजे साधारण 320 अंशांचे. दिशा जवळजवळ तीच. दोहामार्गे लंडन गाठल्यास प्रत्यक्षात 600 किमी जास्त पडतात, पण खरा वेळ जातो तो दोह्यातल्या थांब्यात.

विमान या आदर्श रेषेवरून उडत नाही. ठरलेले हवाई मार्ग, चढण-उतरणीचे वळसे आणि बंद हवाई हद्दी यांमुळे तीन ते पाच टक्के वाढ सहज होते. म्हणून दोह्याचा हिशेब 2,950 किमी धरून केलेला बरा.

ए320 जातीचे विमान साधारण 11 किमी उंचीवर ताशी 830 किमीच्या आसपास जाते. वारा नसेल तर दोह्याला साडेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागावा. पण हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, वाहतो. समोरून ताशी 100 किमी वारा असला, तर जमिनीच्या सापेक्ष वेग 730 वर येतो आणि तेच अंतर चार तासांवर जाते. परतताना तोच वारा पाठीशी असतो, आणि सव्वातीन तासांच्या आत काम होते. पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, तेव्हा जाण्या-येण्यातला फरक कमी होतो.

वेळापत्रकातला काळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा असतो. त्यात जमिनीवरची वीस-तीस मिनिटे आणि विलंबासाठी राखलेला अवकाशही आला. मुंबईचे हवाई अंतर जेमतेम 680 किमी असूनही तिकिटावर दीड तास दिसतो, तो यामुळेच.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात आणि घोळ बहुधा इथेच होतो. दोहा भारतीय वेळेच्या अडीच तास मागे आहे. समजा पहाटे 4 ला निघून 6 ला पोहोचण्याची वेळ छापली आहे. प्रवास दोन तासांचा नव्हे, साडेचार तासांचा. परतीला 19:30 ते 01:45 असेल, तर सव्वासहा तासांतून अडीच वजा करून पावणेचार उरतात. पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असल्यास हिवाळ्यात जाताना मध्ये पुरेसा वेळ ठेवावा. ते चुकले तर भुर्दंड प्रवाशालाच पडतो.