टॅलिलिन रेल्वे

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टाऊइन ते नांट ग्वेर्नोल ही सु. ११.७ किमी. लांबीची अरुंदमापी (रुळांमधील अंतर नेहमीपेक्षा कमी असलेली) वाफेची रेल्वे. बंद पडू घातलेली रेल्वे हौशी स्वयंसेवकांनी हाती घेऊन चालविल्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानले जाते. (नावातील वेल्श ‘ल्ल’चा उच्चार मराठी लिपीत नेमका उतरत नाही.)

ब्रिन एग्लुइस येथील खाणीतील पाटीचा दगड किनाऱ्यापर्यंत आणण्यासाठी ती बांधली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा तुटवडा पडल्याने लँकाशरच्या मकॉनेल या गिरणीमालकांनी आपले भांडवल या खाणीत वळविले. रेल्वेचा कायदा १८६५ मध्ये संमत झाला. प्रवासी वाहतूक बहुधा १८६६ च्या अखेरीस सुरू झाली.

रुळांमधील ६८६ मिमी. (२ फुट ३ इंच) अंतर कोठून आले, हा अभ्यासकांच्या आवडीचा प्रश्न आहे. अभियंता जेम्स स्विंटन स्पूनर ज्या घराण्यातला, त्याचा संबंध फेस्टिनिऑग रेल्वेशी होता आणि तिचे माप ६०० मिमी.च्याही किंचित आत. घरचे माप सोडून हे का निवडले, याची निर्णायक नोंद सहसा पुढे केली जात नाही. जवळच्याच कॉरिस मार्गाचे माप २ फुट ३ इंच होते आणि तो १८५९ पासून चालू होता. तेव्हा अनुकरणाचे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र टॅलिलिन वाफेवर चालणारी, तर कॉरिसवर त्या काळी घोडे मालडबे ओढत असत, ही अडचण उरतेच.

दुसरा घोळ पुलांचा. मार्गावरून जाणाऱ्या पुलांची आतली रुंदी सु. २.७७ मी. आणि डबे सु. १.६१ मी. रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना ५८ सेंमी.च जागा उरे. सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर यांना ७६ सेंमी. हवी होती. पूल पाडण्याऐवजी एका बाजूचे दरवाजे कायमचे बंद करून रूळ त्या बाजूला सरकविण्यात आले. जुन्या डब्यांत आजही एकाच बाजूने चढावे लागते.

१९११ पासून मालक असलेले हेन्री हेडन जोन्स यांनी आपण जिवंत असेतो गाडी चालवू, असा शब्द दिला होता. १९४६ मध्ये खाण बंद पडली, तरी त्यांनी तो पाळला. जुलै १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला लेखक व अभियंते टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने बर्मिंगहॅम येथे सभा भरली, तीतून जतन संस्था उभी राहिली आणि १४ मे १९५१ रोजी तिची पहिली गाडी धावली. त्या हंगामाचा भार मुख्यतः १८६६ चे ‘डोलगोख’ या एकट्या इंजिनाने वाहिला. बंद पडलेल्या कॉरिसची दोन इंजिने प्रत्येकी २५ पौंडांत मिळाली. पण त्यांतील ‘सर हेडन’ची चाके अरुंद आणि इथले रूळ फाकलेले, त्यामुळे ते घसरू लागले. स्लीपर कुजले होते. रूळ गवतानेच धरून ठेवले आहेत, असे गमतीने म्हटले जाई.

स्वयंसेवकांची कामे ड्रायव्हर, फायरमन व गार्ड यांच्यापुरती नसतात. स्लीपर बदलणे, खडी ठोकणे, झुडपे तोडणे यांतच बराच वेळ जातो. फायरमनचा दिवस गाडी सुटण्याच्या काही तास आधी सुरू होतो : जाळीवरची राख व खंगर (जळलेल्या कोळशाचे कडक गोळे) काढायचे, नळ्या साफ करायच्या, मग विस्तव पेटवून बॉयलर सावकाश तापवायचा. घाई केल्यास धातू असमान फुगून सांधे गळतात. ठरावीक काळाने बॉयलर रिकामा करून बुचे काढतात व आत साचलेला गाळ पाण्याच्या झोताने धुतात. कार्यशाळेत थोडे पगारी कर्मचारीही असतात.

‘पहिली’ या मानाविषयी मतभेद आहेत. लीड्सची मिडलटन व ससेक्सची ब्लूबेल या दोन्ही रेल्वे १९६० मध्ये स्वयंसेवकांकडे आल्या. प्रमाणमापी (रुळांमधील अंतर नेहमीचे असलेल्या) मार्गांत त्या अग्रेसर. सर्व मापांचा विचार करता टॅलिलिनचाच दावा बळकट ठरतो. १९७६ मध्ये मार्ग अबरगनोल्विनपासून नांट ग्वेर्नोलपर्यंत वाढविण्यात आला. २०२१ मध्ये वायव्य वेल्सच्या पाटीदगड-भूदृश्याला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात या मार्गाचाही समावेश आहे.

भारतातील नेरळ–माथेरान (१९०७) ही अरुंदमापी रेल्वे मात्र भारतीय रेल्वेच चालवते.