आयथेल कहून: गूढविद्या आधी, सर्रिअलिझम नंतर

२०२५ मध्ये टेट या ब्रिटनमधल्या कलासंग्रहालयाने आयथेल कहूनचं मोठं प्रदर्शन भरवलं, आधी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधे सेंट आइव्हजला आणि मग लंडनला टेट ब्रिटनमधे, तेव्हापासून तिची चित्रं मोबाईलवर सारखी समोर येतायत आणि खाली बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट असते, की ही सर्रिअलिस्ट (म्हणजे स्वप्नं आणि सुप्त मन कलेत आणणाऱ्या चळवळीतली) चित्रकार होती, पुढे गूढविद्येच्या नादी लागली आणि मागे पडली. दरवेळी हे वाचून वाईट वाटतं, कारण क्रमच उलटा लावलाय. गूढविद्या तिच्याकडे आधीपासून होती, सर्रिअलिझम नंतर आला, आणि तो टिकला तोही त्या आधीच्या गोष्टीमुळेच. म्हणून जरा मागे जाऊन लिहितेय.

(स्पेलिंग बघून कोल्क्वहौन वगैरे वाचू नका, उच्चार कहून.)

जन्म ९ ऑक्टोबर १९०६, शिलाँग. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधे होते. पण ती अगदी लहान असतानाच तिला इंग्लंडला नेलं, त्यामुळे 'भारतात जन्मलेली म्हणून गूढाची ओढ' असं जे लोक पटकन लिहून टाकतात ते मला पटत नाही. भारताचा धागा तिच्यापर्यंत पोचला, पण वेगळ्या रस्त्याने, आणि तो रस्ता चक्क आपल्या गिरगावातून जातो.

झालं असं की मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट ही थिऑसॉफिकल सोसायटी या गूढ ज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची मंडळी फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरली, गिरगावात राहिली, त्याच वर्षी ऑक्टोबरमधे 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक इथूनच सुरू केलं, आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला मुक्काम हलवला. पुढे ब्लाव्हाट्स्की लंडनला गेल्या, तिथे शेवटच्या वर्षांत त्यांचा सेक्रेटरी होता जी. आर. एस. मीड. हा मीड १९०९ मध्ये सोसायटीतून बाहेर पडला आणि त्याने स्वतःची क्वेस्ट सोसायटी काढली. आणि १९२७ ते १९३१ या काळात लंडनच्या स्लेड स्कूल ऑफ आर्टमधे शिकणारी आयथेल ज्या मंडळात जाऊन बसायची ते हेच. तिचा पहिला छापून आलेला लेखसुद्धा चित्रकलेवर नाही, किमयेवर (म्हणजे अल्केमीवर) आहे, १९३० मध्ये, क्वेस्टच्याच नियतकालिकात. तोपर्यंत सर्रिअलिझमशी तिचा काही संबंध नव्हता!

दुसरा धागा गोल्डन डॉनचा. १८८८ मध्ये लंडनला निघालेली ही गुप्त संस्था, कब्बाला (ज्यू परंपरेतली गूढविद्या), किमया, टॅरो (भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते), ज्योतिष असं सगळं एकत्र शिकवणारी, कवी येट्सही तिच्यात होता. दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे तिथे बायकांना सुरुवातीपासून पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश होता, आणि संस्थेत दीक्षा घेणारी पहिलीच व्यक्ती म्हणजे मॉइना मॅथर्स, तीही स्लेडचीच विद्यार्थिनी, तत्त्वज्ञ बर्गसाँची बहीण. म्हणजे चित्रकार बाई आणि गूढविद्या ही जोडी आयथेलच्या आधी चाळीस वर्षं त्याच कॉलेजात होऊन गेलेली. दुसरी गोष्ट आपल्याला जवळची, गोल्डन डॉनवाले ध्यानासाठी जी कार्डं वापरायचे त्यांची नावंच तत्त्वं होती: पृथ्वी पिवळा चौकोन, आप रुपेरी चंद्रकोर, तेज लाल त्रिकोण, वायू निळं वर्तुळ, आकाश काळसर अंडाकृती. ही पंचमहाभूतं थिऑसॉफीच्या पुस्तकांतून तिकडे गेली. रंग आणि आकार म्हणजे नुसती सजावट नाही, ते कुठेतरी जाण्याचं दार आहे, ही समज तिथे नियमात बसवलेली होती. आयथेलने या परंपरेतल्या शाखेत प्रवेश मागितला तर तिला नाकारलं, पण अभ्यास तिने सोडला नाही, आणि १९७५ मध्ये संस्थापकांपैकी मॅकग्रेगर मॅथर्सवर अख्खं पुस्तक लिहिलं.

आता सर्रिअलिझम. १९३६ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सर्रिअलिस्ट प्रदर्शन झालं, ते तिने पाहिलं आणि तिची चित्रं बदलली. १९३८ चं 'सिला' बघा, टेटकडे आहे. पहिल्यांदा दिसतात समुद्रातून वर आलेले दोन उंच गुळगुळीत खडक, मधून अरुंद पाणी, एका होडीचं टोक आत येतंय, खाली समुद्रशेवाळ. मग लक्षात येतं की हे बाथटबमधे पडलेल्या बाईला वरून दिसणारे स्वतःचे गुडघे आणि मांड्या आहेत. ग्रीक पुराणातली सिला म्हणजे चिंचोळ्या सामुद्रधुनीत बसून खलाशांना खाणारी राक्षसीण. त्या काळातल्या सर्रिअलिस्ट पुरुषांनी बाईचं शरीर ढिगाने रंगवलं, पण बाहेरून, बघणाऱ्याच्या जागेवरून. इथे बघणारी आणि दिसणारी एकच आहे आणि होडी धोक्यात आहे. मी या चित्रापाशी कितीतरी वेळ थांबते.

१९३९ मध्ये ती पॅरिसला सर्रिअलिझमचे प्रणेते ब्रेताँ यांना भेटली, लंडनच्या सर्रिअलिस्ट गटात सामील झाली, सर्रिअलिस्ट चित्रकार रोलंड पेनरोजबरोबर लंडनच्या मेयर गॅलरीत प्रदर्शनही झालं. आणि एका वर्षात सगळं तुटलं. एप्रिल १९४० मध्ये सोहोतल्या बार्सिलोना रेस्टॉरंटमधे गटाची मीटिंग झाली, तिथे गटाचा म्होरक्या मेसाँस याने अटी घातल्या की कामगार क्रांतीला बांधील राहायचं, दुसऱ्या कुठल्याही संस्थेत असायचं नाही, गटाबाहेर प्रदर्शन करायचं नाही की लिहायचं नाही. गुप्त मंडळंही त्यात आलीच. आयथेलने नाही म्हटलं आणि ती बाहेर पडली. मला खुपतं ते हे की खुद्द ब्रेताँने १९२९ च्या दुसऱ्या जाहीरनाम्यात सर्रिअलिझमने गूढात खोल उतरावं अशी मागणी केली होती, म्हणजे ही बाई मूळ विचाराला जास्त धरून होती, आणि किंमत मात्र तिने मोजली. ब्रिटनमधल्या सर्रिअलिझमच्या इतिहासात पुढे कित्येक वर्षं ती बाजूलाच राहिली.

१९४३ मध्ये तोनी देल रेन्झिओशी लग्न, १९४७ मध्ये घटस्फोट, यावर मी जास्त लिहीत नाही. तिचं खरं काम याच काळात चालू होतं, ऑटोमॅटिझमचं. म्हणजे हाताला आधी काही ठरवू द्यायचं नाही, डाग पडू द्यायचा आणि मग त्यात काय आहे ते वाचायचं. डेकॅल्कोमेनिया म्हणजे रंग लावलेल्या पृष्ठभागावर दुसरा कागद दाबून उचलायचा, आपण शाळेत शाईचा थेंब टाकून कागद दुमडायचो तेच. फ्यूमाज म्हणजे मेणबत्तीच्या धुराने काजळी धरायची. आणि पार्समाज ही तिने स्वतः काढलेली पद्धत: पाण्यावर कोळशाची किंवा खडूची पूड भुरभुरवायची आणि पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी खालून जाड कागद अलगद फिरवून तो थर उचलायचा. पाण्यावरची रांगोळी ज्यांनी काढलीय त्यांना कोळशाची पूड पाण्यावर कशी पसरते ते लगेच कळेल. १९४९ च्या 'द मँटिक स्टेन' या लेखात तिने हे सगळं मांडलं. मँटिक म्हणजे भविष्य सांगणारा, तो डागच कौल देतो. बाकीच्या सर्रिअलिस्टांना त्या डागात आपलं सुप्त मन दिसायचं, तिला त्याच्यापलीकडचंही काही दिसायचं. तिच्यासाठी ही साधना होती आणि चित्र ही त्या साधनेची नोंद.

त्याच वर्षी तिने कॉर्नवॉलमधे लामोर्नाच्या दरीत व्हाऊ केव्ह नावाची पत्र्याची झोपडी घेतली, वीज नाही, नळ नाही. १९५९ नंतर जवळच पॉल गावात कायमची राहायला गेली. आजूबाजूला हजारो वर्षांपूर्वी उभे केलेले दगड, पवित्र विहिरी, मेरी मेडन्ससारखी दगडांची वर्तुळं. १९५७ चं तिचं 'द लिव्हिंग स्टोन्स' हे याच भूमीवरचं पुस्तक, जमिनीखालून काहीतरी वाहतंय आणि दगड ते धरून आहेत असं ती अगदी सरळ लिहून जाते. आपल्याकडे शेंदूर लावलेल्या दगडापुढे हात जोडणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

शेवटचं मोठं काम १९७७ चा टॅरो. ७८ पत्ते, आणि एकावरही राजा नाही, राणी नाही, माणूसच नाही. इनॅमल रंग ओतून, वाहू देऊन केलेले नुसते रंगांचे आकार, आणि प्रत्येक रंग गोल्डन डॉनच्या रंगपद्धतीतून आलेला. भविष्य बघायला नाही, समोर ठेवून ध्यान करायला. स्लेडमधली मुलगी जे शिकायला निघाली होती आणि १९४० मध्ये जे सोडायला तयार नव्हती, ते इथे कार्डाच्या आकारात उतरलंय.

११ एप्रिल १९८८ ला लामोर्नात ती गेली. गूढविद्येचं काम टेटला आणि स्टुडिओतलं बाकीचं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेला असे वारशाचे दोन भाग झाले, आणि ते ३० वर्षं वेगवेगळेच राहिले. २०१९ मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्याकडचा पाच हजारांहून जास्त चित्रं-रेखाटनांचा साठा टेटकडे सोपवला, तेव्हा कुठे दोन्ही भाग एका छताखाली आले.