लायसन मिळालं, आता रात्रीचा आणि पावसातला रस्ता
(आमच्याकडे चारचाकी शिकलेल्यांसाठी)

लायसनची परीक्षा दिवसाउजेडी, मोकळ्या जागेत होते. गाडी मात्र रात्रीही चालवावी लागते, पावसातही आणि उसाच्या हंगामातही. म्हणून शिकवणी संपताना आम्ही प्रत्येकाला एक सवय पक्की करायला सांगतो: पुढे जेवढं स्पष्ट दिसतंय, तेवढ्यात गाडी उभी राहिली पाहिजे.

ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही आणखी वीसेक मीटर लागतात. डिपरचा (हेडलाइटच्या खालच्या झोताचा) उजेड जेमतेम एवढ्याच अंतरापर्यंत पोचतो. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. ओल्या रस्त्यावर याहून जास्त.

गळीत हंगामात हा हिशेब फार महत्त्वाचा. कोल्हापूर जिल्ह्यात कागल, शिरोळ, हातकणंगले, कुठेही जा, रात्री उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतातच. मागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या, पाठचा लाइट बंद किंवा चिखलाने माखलेला, रिफ्लेक्टर नाही, उसाचे शेंडे बाहेर आलेले. समोरून कुणी अप्पर (वरचा झोत) लावून आला की ही ट्रॉली तुम्हाला दिसतच नाही. अशा वेळी नजर समोरच्या लाइटवर नको, रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा आणि आधी वेग कमी करा. पंक्चर होऊन कडेला उभी असलेली ट्रॉली तर चालत्या ट्रॉलीपेक्षाही घातक. ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून केवढी लांबी होते ते आधी पाहा. शंका वाटली तर मागेच राहा. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

घाटाची गोष्ट थोडी वेगळी. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणारे आम्ही पाहिलेत. कृपा करून हे करू नका. ज्या गिअरवर घाट चढला असता त्याच गिअरवर उतरा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर नीट लागत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. पन्हाळ्याला किंवा आंबा घाटात धुकं असेल तर अप्पर लावू नका, उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

पावसाळ्यात घरातून निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची सवय लावा: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गसुद्धा बंद झाला होता. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. फूटभर पाण्यातही छोटी गाडी उचलली जाते, आणि खाली रस्ता उरलाय की नाही हे वरून कळत नाही.

शहरातलं थोडक्यात. गाडी उभी केल्यावर दार डाव्या हाताने उघडा, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी मोपेड दिसते. बेल्ट मागच्या सीटवरच्यांनीही लावायचा. मोबाइल डॅशबोर्डवरही नको. अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

पहिला घाट किंवा हंगामातली पहिली रात्र एकट्याने नको वाटत असेल तर ऑफिसात सांगा. आमचे शिक्षक तुमच्याच गाडीत शेजारी बसून येतील.