शुक्राणूंचे कपॅसिटेशन

सस्तन प्राण्याचा शुक्राणू स्खलनानंतर लगेच पोहू लागतो, पण अंडाचे फलन करू शकत नाही. ती क्षमता मादीच्या जननमार्गात काही काळ काढल्यावर येते. या बदलाला कपॅसिटेशन म्हणतात. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑस्टिन आणि अमेरिकेत चँग या संशोधकांनी तो स्वतंत्रपणे दाखवला. प्रयोगशाळेत उंदराच्या शुक्राणूंना त्यासाठी तास-दीड तास लागतो, माणसाच्या शुक्राणूंना त्याहून बराच जास्त.

पक्व शुक्राणूत नवी प्रथिने जवळजवळ बनत नाहीत. त्यामुळे आहेत त्याच प्रथिनांवर फॉस्फेट चढवून-उतरवून काम भागवावे लागते. सुरुवात बायकार्बोनेटपासून होते. अधिवृषणात, म्हणजे स्खलनापूर्वी शुक्राणू साठतात त्या नळीत, ते कमी असते. वीर्यात आणि अंडवाहिनीत भरपूर मिळते. पेशीत शिरताच ते विद्राव्य अडेनिलिल सायक्लेज हे एंझाइम चालू करते. कॅल्शियमही त्याला चेतवते. पेशीपटलातले सायक्लेज चालू करणाऱ्या फोर्स्कोलिन या रसायनाला मात्र हे एंझाइम दाद देत नाही. त्यातून बनणाऱ्या चक्रीय एएमपी या निरोप्या रेणूमुळे प्रोटीन कायनेज-ए (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे एंझाइम) मिनिटाभरात जागे होते आणि शेपटीचे ठोके वाढतात. दरम्यान भोवतालच्या द्रवातले अल्ब्युमिन हे प्रथिन शुक्राणूच्या पटलातले कोलेस्टेरॉल काढून घेते. पेशीतला सामू (पीएच) वाढला की शेपटीतले कॅटस्पर हे कॅल्शियम मार्ग उघडतात आणि शेपूट जोरकस, एकांगी फटके मारू लागते. माणसात हे मार्ग प्रोजेस्टेरॉननेही उघडतात.

टायरोसिनचे फॉस्फोरिलीकरण, म्हणजे प्रथिनांतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढणे, यानंतर, सावकाश वाढते. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) ते ठळक दिसते म्हणून त्यालाच कपॅसिटेशनचा पुरावा मानण्याची सवय पडली आहे; ती फारशी बरी नव्हे. उंदरात हे काम फर नावाचे कायनेज करते. ते निकामी असलेल्या नरांनाही पिल्ले होतात, फक्त काचपात्रातले फलन घटते. शिवाय ब्लॉटवरचा ११६ किलोडाल्टन (रेणूभाराचे एकक) जवळचा हेक्झोकायनेज या एंझाइमचा पट्टा कपॅसिटेशन न झालेल्या शुक्राणूंतही दिसतो. तो मोजणीत धरू नये.

उंदरासाठीच्या माध्यमात साधारण २५ मिलिमोलर बायकार्बोनेट, २ मिलिमोलरच्या आसपास कॅल्शियम आणि मिलिलिटरला ३ ते ५ मिलिग्रॅम अल्ब्युमिन ठेवतात. तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. माध्यम इन्क्युबेटरबाहेर राहिले तर वायू उडून सामू चढतो. बायकार्बोनेटऐवजी नुसते हेपेस (सामू स्थिर ठेवणारे रसायन) वापरले तर शुक्राणू पोहतात, पण कपॅसिटेशन होत नाही. नेहमीचा घोटाळा इथेच होतो: हालचाल बघून नमुना तयार समजला जातो. प्रोटीन कायनेज-एचा रोधक म्हणून एच-८९ हे रसायन वापरताना ते इतर कायनेजही अडवते हे धरून चालावे.

वळूच्या शुक्राणूंना कपॅसिटेशनसाठी माध्यमात हेपॅरिन (साखरेच्या साखळीचा रेणू) लागते, आणि माध्यमात ग्लुकोज असेल तर त्याचा परिणाम मंदावतो. गोठवलेल्या वीर्यात थंडीनेच पटल बिघडून कपॅसिटेशनसारखे बदल आधीच झालेले असतात. असे शुक्राणू गाईच्या जननमार्गात कमी वेळ टिकतात, त्यामुळे कृत्रिम रेतनाची वेळ अंडमोचनाच्या जवळ साधावी लागते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, हा नियम त्यासाठीही सोयीचा पडतो.

२०२३ मध्ये विद्राव्य सायक्लेज रोखणाऱ्या औषधाची एक मात्रा देऊन नर उंदीर काही तासांपुरते वंध्य करता आले. दुसऱ्या दिवशी त्यांची प्रजननक्षमता परतली.