नाव कलकत्त्याचं, घडण बर्मिंगहॅमची

बेळगाव-खानापूरकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात, जांबोटीच्या रानात गव्याची शिकार चालायची त्या काळातली विलायती दुनळी रायफल परवान्यानिशी जपलेली असते. घरची मंडळी आधी नळ्यांवरचं नाव वाचून दाखवतात: मँटन, रॉडा, नाहीतर लायन अँड लायन. ही कलकत्त्याची नामांकित दुकानं. हत्यार बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडवायचं आणि वर दुकानदाराचं नाव कोरायचं, हा त्या धंद्याचा रिवाजच होता. तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नये.

हत्याराची खरी कुंडली नळ्यांच्या खालच्या अंगाला असते. इंग्लंडात विक्रीआधी प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जड बार उडवून पाहण्याची कायद्यानेच सक्ती होती. नळी टिकली की तिच्यावर शिक्का बसे. मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड दिसले, तर परीक्षा बर्मिंगहॅमला झाली, तीही १८१३ ते १९०४ या काळात. ‘एनपी’ (नायट्रो प्रूफ, म्हणजे बिनधुराच्या दारूने घेतलेली परीक्षा) ही अक्षरं १९०४ नंतरची. त्यांच्यावर मुकुट असेल तर बर्मिंगहॅम, तलवार धरलेला हात असेल तर लंडन.

जवळच ‘कॉर्डाइट ७०-४८०’ असे आकडे असतील, तर ते नीट टिपून घ्या. कॉर्डाइट ही बिनधुराची दारू. ७० ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी. तेव्हाचा तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे एकेक गोळी अडीच तोळ्यांहून जड! उजवी नळी झाडली की धक्क्याने रायफल उजवीकडे वळते, डावी झाडली की डावीकडे. म्हणून दोन्ही नळ्या तोंडाशी किंचित जवळ आणून डाख देतात. त्या किती जवळ आणायच्या, हे कारागीर बार उडवून, डाख वितळवून, पुन्हा बार उडवून ठरवायचा, आणि तेही ठरावीक दारू-गोळीसाठीच. दारू बदलली की दोन नळ्यांचे नेम फाकतात. उन्हात कॉर्डाइटचा दाब वाढतो, म्हणून हिंदुस्थानसाठी दारू कमी भरलेली खास काडतुसं निघत. या बारीक कामापुढे मला नळ्यांवरची नक्षी फिकी वाटते.

नळीच्या भोकाचं इंचातलं मापही काळ सांगतं. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलींना चालणाऱ्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील, या भीतीने सरकारने इथे पॉइंट ४५० मापावर बंदी घातली. त्यानंतर ४७० आणि ४६५ ही मापं रुजली.

मूळ ग्राहक कोण, हे कारखान्याच्या जुन्या वहीत अनुक्रमांकावरून सापडू शकतं. मात्र नळ्या परवानाधारक कारागिराकडूनच उतरवून घ्या, शिक्क्यांचे फोटो तिरक्या उजेडात काढा आणि गंज दिसला तरी त्यावर पॉलिश पेपर अजिबात घासू नका.