फॉस्फेटच्या टंचाईत जागे होणारे जनुक

डीएनएचा कणा, पेशीचे पटल आणि ऊर्जा पुरवणारा एटीपी, या तिन्हींत फॉस्फेट असते. ते मिळाले नाही तर पेशीला नवा डीएनए तयार करता येत नाही आणि तिचे विभाजन थांबते. पाव आणि मद्य बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टचीही यातून सुटका नाही.

पंचाईत अशी, की भोवतालचे सगळेच फॉस्फेट मोकळे नसते. त्यातले बरेचसे साखरेला, न्यूक्लिओटाइडला किंवा अशाच एखाद्या सेंद्रिय रेणूला जोडलेले असते आणि असा जोडरेणू पेशीपटलातून सहजासहजी आत शिरत नाही. म्हणून तोडण्याचे काम यीस्ट पेशीच्या बाहेरच उरकते. त्यासाठी लागणारे आम्ल फॉस्फेटेज हे विकर बनवण्याची माहिती फो५ या जनुकात असते. तयार झालेले विकर पेशीपटल ओलांडून पेशीभित्तिकेजवळ जाऊन थांबते आणि समोर येणाऱ्या रेणूंवरचे फॉस्फेट पाण्याच्या साहाय्याने सुटे करते. सुटे झालेले फॉस्फेट आत ओढून घेण्याचे काम फो८४ या वेगळ्या वाहक प्रथिनाचे.

फॉस्फेट मुबलक असेल तेव्हा फो५ जवळजवळ बंद असते. टंचाई आली की ते जोरात चालू होते. जनुक चालू-बंद कसे होते हे समजून घ्यायला यापेक्षा सोयीचे उदाहरण शोधूनही सापडले नसते, कारण इथे उत्तर डोळ्यांना दिसते. यीस्टच्या वसाहती एरवी फिकट पांढऱ्या असतात. त्यांच्यावर नॅफ्थिल फॉस्फेट आणि एक रंजक क्षार ओतला, की विकर नॅफ्थिल फॉस्फेट तोडते, सुटलेला नॅफ्थॉल त्या क्षाराशी जोडला जातो आणि वसाहत लाल होते. विकर नसेल तर ती पांढरीच राहते. १९७०च्या दशकात जपानमध्ये आकिओ तोहे, यासुजी ओशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच रंगाची कसोटी वापरून बिघडलेले यीस्ट निवडले. काही वसाहती उपाशी असूनही पांढऱ्या होत्या, तर काही भरपूर फॉस्फेट मिळत असूनही लाल. दुसऱ्या प्रकारच्या वसाहती जास्त बोलक्या होत्या, कारण त्यांच्यातला लगाम तुटला होता.

तो लगाम म्हणजे फो८० आणि फो८५ या प्रथिनांची जोडी. पेशीविभाजनाचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या सायक्लिन-कायनेजच्या कुळातलीच ही जोडी आहे. फॉस्फेट पुरेसे असते तेव्हा ती फो४ या प्रथिनावर ठरावीक जागी फॉस्फेट चिकटवते. असे फो४ केंद्रकाबाहेर पाठवले जाते आणि जनुकापर्यंत पोहोचूच शकत नाही. टंचाईत फो८१ हे प्रथिन या जोडीला अडवते. मग फो४ केंद्रकात टिकून राहते आणि फो२ या जोडीदाराबरोबर जनुकाच्या आधीच्या डीएनएवर, म्हणजे प्रवर्तकावर जाऊन बसते. फॉस्फेट कमी पडले हे कळवण्यासाठी पेशीने फॉस्फेटचीच खूण वापरावी, ही रचना मला विलक्षण वाटते.

पण फो४ पोहोचले म्हणजे काम झाले असे नाही. रिळाला दोरा गुंडाळावा तसा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि अशा एकेका गुंडाळीला न्यूक्लिओसोम म्हणतात. फो५चा प्रवर्तक अशा चार न्यूक्लिओसोमांनी झाकलेला असतो. फो४ला बसण्यासाठी तिथे दोन महत्त्वाच्या जागा आहेत. एक उघडी, पण तिची पकड सैल. दुसरीची पकड घट्ट, पण ती न्यूक्लिओसोमखाली दडलेली. जनुक चालू होताना हे चारही न्यूक्लिओसोम नाहीसे होतात, हे वोल्फराम हॉर्त्स यांच्या गटाने १९८६ मध्ये दाखवले. दोनच वर्षांनी मायकेल ग्रुनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने उलट बाजूने पाहिले: पेशीतले हिस्टोन घटवले, तर फॉस्फेट भरपूर असतानाही फो५ चालू झाले. न्यूक्लिओसोम म्हणजे डीएनए नीट बांधून ठेवण्याची नुसती सोय, ही समजूत बदलायला अशाच प्रयोगांनी भाग पाडले.

मधल्या काळात या प्रवर्तकाचा व्यवहारातही उपयोग झाला. १९८३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्यापुढे हिपॅटायटिस-बी विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे जनुक जोडले आणि फॉस्फेट कमी करून ते प्रथिन यीस्टकडून बनवून घेतले.

सैल जागा उघडी आणि घट्ट जागा झाकलेली, असे उलटे का? एरिन ओशी यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये याचे उत्तर दिले. जनुक किती टंचाईला चालू व्हायचे हे उघड्या जागेची पकड ठरवते, आणि चालू झाल्यावर किती जोरात चालायचे यात झाकलेल्या जागेचा वाटा असतो. फो८४च्या प्रवर्तकावर घट्ट पकडीची जागा उघडी आहे. त्यामुळे थोडे फॉस्फेट कमी झाले तरी आत ओढणारे वाहक आधी तयार होतात. फो५ मात्र थांबून राहते. आसपास मोकळे फॉस्फेट उरले असेल, तर ते गोळा करणेच परवडते. तोडकाम करणारे विकर बनवून बाहेर पाठवण्याचा खर्च पेशी टंचाई तीव्र झाल्यावरच करते. संशोधकांनी फो५च्या उघड्या जागी घट्ट पकडीचा क्रम बसवला, तेव्हा तेही सौम्य टंचाईतच चालू होऊ लागले.